गाव स्वस्त नसते

नोकरी संपली, हातात फंडाचे पैसे आले, की निवृत्त माणसाला सल्ला देणाऱ्यांची दारात रांग लागते. त्यात तीन जण हमखास असतात. पहिला घरातलाच मुलगा. त्याचे लग्न झालेले असते, खोली एकच असते, आणि अब्बांनी गावी जावे हे त्याला तोंडाने बोलता येत नाही, म्हणून तो गावच्या हवेची तारीफ करतो. दुसरा जमिनीचा एजंट. त्याच्या पिशवीत धरणाच्या काठचा रंगीत नकाशा असतो. तिसरा आपल्याच बिरादरीतला शहाणा. तो उलटे सांगतो. जाऊ नका, उद्या काही झाले तर गावात आपले कोण आहे? चार आपल्या माणसांत राहावे, आपल्या माणसांतच मरावे.

हे तिघे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असे वरवर वाटते. पण तिघांचा हिशेब एकच आहे. तिघांच्याही लेखी निवृत्त माणूस म्हणजे कुठेतरी ठेवून द्यायचे सामान. कुठे ठेवले तर घरात जागा होईल, कुठे ठेवले तर दलाली सुटेल, कुठे ठेवले तर ते शाबूत राहील, एवढाच काय तो फरक.

माझे म्हणणे या तिघांच्याही विरुद्ध आहे. बेताच्या पेन्शनीवर जगणाऱ्या मुसलमानाने लहान गावी जरूर जावे. पण गाव स्वस्त आहे म्हणून जाऊ नये, कारण गाव स्वस्त नसते. जो तिथे गावकरी म्हणून जाईल त्यालाच ते परवडेल. जो पाहुणा म्हणून किंवा आजारी म्हणून जाईल त्याला ते शहरापेक्षा महाग पडेल. हे म्हणणे हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू : पुणे-सोलापूर महामार्गावर, भिगवण आणि इंदापूर यांच्या दरम्यानचे पळसदेव.

आधी हा निवृत्त माणूस कोण ते पाहू. कलेक्टर कचेरीतून निवृत्त होणारा, महागाई भत्त्यासह पेन्शन घेणारा मुसलमान किती, हे सच्चर समितीने २००६ सालीच सांगून ठेवले आहे. सरकारी नोकऱ्यांत आपली टक्केवारी लोकसंख्येच्या मानाने फार कमी. आपला निवृत्त माणूस एस.टी.चा ड्रायव्हर-कंडक्टर असतो, कारखान्यातला फिटर असतो, छापखान्यातला कंपोझिटर असतो, खाजगी कंपनीतला वॉचमन असतो. त्याच्या वाट्याला येते ती १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना. एस.टी. महामंडळ सरकारचे, पण पेन्शन सरकारी नाही, ती हीच.

या योजनेचे गणित साधे आहे. पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले सत्तर. पण तो पगार कितीही असला तरी सर्वसाधारणपणे ठराविक मर्यादेपर्यंतच धरतात. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पर्यंत ६,५०० रुपये होती, तेव्हा ती १५,००० झाली. म्हणजे ३५ वर्षे घाम गाळला आणि १५,००० चा पूर्ण लाभ मिळाला, तरी हातात महिना ७,५०० रुपये. आधी निवृत्त झालेल्यांचे आकडे याहून कितीतरी खालचे. २०१४ साली सरकारने किमान पेन्शन ठरवली ती १,००० रुपये. या पेन्शनीला महागाई भत्ता जोडलेला नाही. पहिल्या महिन्यात जी मिळाली तीच विसाव्या वर्षी, आणि नवरा गेल्यावर बायकोला त्याच्या निम्मी. हा माणूस मुंब्र्यात, कोंढव्यात, गोवंडीत राहतो. १९९२-९३ च्या दंगलीनंतर ज्यांनी मिश्र वस्त्यांतली घरे मिळेल त्या किमतीला विकली, त्यांतले कितीतरी लोक या वस्त्यांत आले. तेव्हा भीतीने घेतलेली ती खोली आता नातवंडांना पुरत नाही. अशा माणसाने गावाचा विचार केला तर त्याला पळपुटा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता एजंटाचा नकाशा उघडू. त्यात निळे पाणी असते, हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी असतात, पाण्याकाठी हिरवी चौकट असते आणि वर 'बॅकवॉटर व्ह्यू' असे लिहिलेले असते. हे पाणी म्हणजे उजनीचा जलाशय. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. नकाशात हे पाणी जागचे हलत नाही. प्रत्यक्षात पावसाळ्यानंतर जे काठोकाठ असते ते उन्हाळ्यात मैलभर मागे सरते आणि मध्ये भेगाळलेला गाळ उरतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले, मृतसाठ्यातलेही निम्म्याच्या आसपास पाणी संपले, आणि जुन्या पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ उघडे पडले. ते बघायला शहरांतून गाड्या आल्या. ज्या वर्षी देऊळ दिसते त्या वर्षी बोअर कोरडी असते, हे त्या गाड्यांतल्या कोणाच्या लक्षात आले असेल का?

पाण्याच्या रंगाचेही तेच. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. जलपर्णी माजते, पाण्यावर हिरवा तवंग धरतो. पुण्याला कंटाळून इथे येणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की पुण्याची गटारे त्याच्या आधी इथे पोचलेली आहेत. जमिनीचा कायदाही एजंट अर्धाच सांगतो. जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. बिगरशेतीचा आदेश नसलेला, दहा-पंधरा जणांच्या सामाईक सातबाऱ्यावरचा गुंठा म्हणजे फंडाचे पैसे पाण्यात घालणे, आणि तेही दिसणाऱ्या पाण्यात. तेव्हा नकाशाचा विषय इथेच संपवू. जायचे तर प्लॉटवर जाऊ नका, गावात जा. जिथे वाण्याचे दुकान आहे, शाळा आहे, एस.टी.चा थांबा आहे, अशा आळीत जा.

तिथे तरी स्वस्ताई आहे का? भाडे कमी, भाजी ताजी, चहा दोन घोट जास्त, हे खरे. पासष्टीनंतर एस.टी.त अर्धे तिकीट, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. ही सवलत गावात राहणाऱ्याला शहरापेक्षा जास्त उपयोगी पडते. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. पण म्हातारपणाचा खरा खर्च भाजीत नसतो. तो रात्री दोन वाजता सुरू होतो. छातीत कळ आली, तर महामार्गावरच्या गावातून भिगवण किंवा इंदापूर गाठायचे, तिथून भागले नाही तर बारामती, तिथूनही पुढे पुणे. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही या भागाची मोठी सोय. पण तिथवर नेणार कोण? गाडी कोणाची? तिचे भाडे कोण ठरवणार? शहरातला माणूस हे पैशाने विकत घेतो. गावात ते शेजाऱ्याकडून मिळते, आणि शेजारी भाड्याने मिळत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात तुम्ही पंगतीला वाढलेले असावे लागते, त्याच्या बापाच्या मयतीला खांदा दिलेला असावा लागतो. ही गुंतवणूक साठाव्या वर्षी सुरू केली तर सत्तरीला कामी येते. सत्तराव्या वर्षी, दोन्ही गुडघे गेल्यावर, मुलगा गाडीत बसवून आणून सोडतो, तेव्हा ती सुरू करायला वेळ उरलेला नसतो. म्हणून जायचे तर हातपाय चालतात तोवर जा.

या साऱ्या चर्चेत एक माणूस कुठेच नसतो. ती म्हणजे बायको. नवऱ्याची निवृत्ती होते, तिची कधीच होत नाही. मोहल्ल्यात तिची एक दुनिया असते. जिन्यावरच्या बायका असतात, शिवणकामाचे गिऱ्हाईक असते, कुराण शिकायला येणाऱ्या मुली असतात. गावी गेल्यावर नवरा पारावर बसतो, आणि ती पुन्हा पंचवीस वर्षांमागच्या चुलीशी, पाण्याच्या हंड्याशी आणि दिराच्या घरातल्या मानापमानाशी. शिवाय बहुतेक वेळा नवरा वयाने मोठा असतो. म्हणजे गावात शेवटची काही वर्षे निम्म्या पेन्शनीवर एकटीने काढायची ती तिनेच. तिला न विचारता घेतलेला गावी जाण्याचा निर्णय हा अर्ध्या माणसांचा निर्णय आहे. घर कोणाच्या नावावर राहणार, बँकेचे पासबुक कोणाच्या हातात, ग्रामपंचायतीच्या नोंदीत तिचे नाव आहे की नाही, हे सामान टेम्पोत भरण्यापूर्वी ठरले पाहिजे.

बायकोवरून बहिणीवर येतो, कारण गावी जाणारा बहुतेक वेळा वडिलांच्या जुन्या घराकडे जातो. घर पडके असते, पण जागा मोक्याची असते. दोन भाऊ, तीन बहिणी. भाऊ आपापसांत भिंती वाटून घेतात आणि बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात. बदल्यात ईदची साडी. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर शरियत वाचवण्यासाठी आपण मोर्चे काढले. पण भावाला दोन तर बहिणीला एक, हा त्याच शरियतने घालून दिलेला वाटा द्यायची वेळ आली की आपल्याला गावची रीत आठवते. तलाठ्याच्या दारात शरियत आपल्याला सापडत नाही. आयुष्यभर शहरात राहून साठीला वडिलोपार्जित घरावर हक्क सांगायला येणाऱ्या भावाने आधी बहिणींचा हिशेब चुकता करावा. ज्याने बहिणीला तिच्या बापाच्या घरात परकी केली, त्याला गावाने परका म्हटले तर तक्रार करायला त्याचे तोंड उरत नाही.

आणि गाव परका म्हणते, हे आज झाकून ठेवण्यात अर्थ नाही. २०२५ साली याच पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात काही ग्रामपंचायतींनी ठराव केले. बाहेरगावच्या मुसलमानांनी शुक्रवारच्या नमाजासाठी आमच्या गावच्या मशिदीत यायचे नाही. तिसऱ्या सल्लागाराला, म्हणजे आपल्या बिरादरीतल्या शहाण्याला, असा ठराव म्हणजे पुरावाच वाटतो. बघा, मी सांगत नव्हतो? मी त्याच्या भीतीला खोटे म्हणणार नाही. ज्यांनी त्र्याण्णव पाहिले त्यांच्यापुढे भीतीची चेष्टा करू नये. पण त्या ठरावातला 'बाहेरचा' हा शब्द नीट तपासला पाहिजे. पस्तीस वर्षे एस.टी. चालवून आपल्या आजोबांच्या गावी परतणारा माणूस बाहेरचा की आतला? कोणी ठरवायचे?

हा प्रश्न घेऊन पळसदेवला या. सत्तरच्या दशकात उजनीचे पाणी चढू लागले आणि भीमाकाठचे जुने गाव उठले. एकट्यादुकट्याचे स्थलांतर नव्हते ते, अख्खे गाव वर माळावर आले. शेते गेली, वाडे गेले, घाट गेला, देऊळ पाण्यात राहिले आणि वर नवे बांधावे लागले. इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जत या तालुक्यांतल्या कितीतरी गावांची हीच कथा. पाण्याखाली देवळे गेली तशा कबरीही गेल्या. ज्याला आपण आज पळसदेव म्हणतो त्या जागेवर पन्नास वर्षांपूर्वी सगळेच बाहेरचे होते. धरणग्रस्ताच्या दाखल्यावर जात-धर्म पाहून पाणी चढले नव्हते. आजही पाण्याने तोडलेल्या दोन काठांना जोडायला माणसे होडीत बसतात. २१ मे २०२४ रोजी करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला येणारी होडी वादळात उलटून सहा जण बुडाले. विस्थापन एकदाच घडून संपत नाही, ते पिढ्यान्पिढ्या किंमत मागत राहते, हे या काठावरच्या माणसाला कोणी शिकवायला नको. अशा तालुक्याने कोणाला 'बाहेरचा' म्हणावे हे इतिहासाला धरून होणार नाही. आणि ज्या गावांनी तसा ठराव केला त्यांना घटना दाखवावी लागेल. १९ व्या कलमाने भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे, २५ व्या कलमाने धर्म पाळण्याचा. ग्रामपंचायतीचा ठराव घटनेपेक्षा मोठा नसतो.

या मातीशी आपले नाते सिद्ध करण्याची गरज पडावी हेच मुळात वाईट. भीमेच्या पलीकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. त्यांना गुरू मानणारे म्हणून परंपरा ज्यांचे नाव घेते ते मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. त्याच इंदापुरात चाँदशाहवलींचा दर्गा आहे. मुलाणी हा गावगाड्यातला बलुतेदार होता. देवीच्या जत्रेतले बकरे त्याने हलाल केल्याशिवाय पाटलाच्या घरी चूल पेटत नसे. तांबोळी, आतार, बागवान, मण्यार ही नावे बाजारपेठेच्या पाट्यांवरून आलेली नाहीत, ती गावच्या गरजांतून आली. घरात दखनी आणि पारावर मराठी बोलणारा हा माणूस गावात पाहुणा कधीच नव्हता.

मग तो पाहुणा झाला कसा? यात इतरांचा दोष आहे तसा आपलाही आहे. गावातल्या मुलाण्यांच्या पाच घरांतून जो शिकला तो बाहेर पडला आणि परत फिरकला नाही. मागे राहिले ते ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, ज्यांना ग्रामसभेची नोटीस वाचता येत नाही, ज्यांच्या कब्रस्तानाच्या हद्दीची मोजणी करून घ्यायला कोणी नाही. कब्रस्तानात कोणी उकिरडा केला तर ते हात जोडतात, भांडता येत नाही म्हणून. आणि ज्यांना भांडता आले असते ते मुंब्र्याच्या सातव्या मजल्यावर बसून समाजाच्या अवस्थेवर चर्चा करतात. एकत्र राहिलो की सुरक्षित राहतो, हा युक्तिवाद करणारे या पाच घरांना मोजतच नाहीत. आपण शहरात दाटीवाटीने एकत्र झालो त्याची किंमत गावोगावच्या या एकट्या घरांनी मोजली आहे. दहा हजारांच्या मोहल्ल्यात आणखी एक निवृत्त माणूस राहिल्याने मोहल्ल्याची ताकद वाढत नाही. पाच घरांच्या आळीत तो आला तर आळीला तोंड फुटते.

म्हणून गावी जाणाऱ्याला माझे सांगणे असे. पोचल्याबरोबर मतदार यादीत दोघांची नावे घाला. गावच्या यादीत ज्याचे नाव तो ग्रामसभेचा सभासद, आणि तिथे कोणाचीही जात-धर्म पाहून खुर्ची लागत नाही. ग्रामसभेला जा आणि पहिले वर्षभर आपल्या प्रश्नावर बोलू नका. पाण्याच्या टाकीवर बोला, शाळेच्या छपरावर बोला, बसच्या वेळेवर बोला. एस.टी.तून निवृत्त झालेल्या माणसाला डेपोत अर्ज कसा लागू करावा हे गावातल्या कोणापेक्षाही जास्त कळते. फिटरला मोटार बांधता येते, कारकुनाला निराधार पेन्शनीचा फॉर्म भरता येतो, नर्सला इंजेक्शनची चिठ्ठी वाचता येते. हे सारे फुकट करा असे मी म्हणत नाही, पण सर्वांसाठी करा. सातव्या-आठव्या महिन्यात कोणीतरी दारात येऊन 'चाचा, जरा हा कागद बघा' म्हणेल. त्या दिवशी तुम्ही आतले झालात असे समजा. त्यानंतर कब्रस्तानाचा प्रश्न मांडला तर तुमच्या बाजूने चार माणसे उठतील, आणि त्यांतली तीन मुसलमान नसतील. गावाबाहेर आपल्याच लोकांची वेगळी वसाहत मात्र काढू नका. ती म्हणजे मुंब्रा लहान करून गावी आणणे, आणि 'बाहेरचे' या शब्दाला आपणच कुंपण घालून देणे.

हे सगळे निवृत्त माणसावरच लादून सरकारला मोकळे सोडायचे का? मुळीच नाही. ७,५०० रुपयांच्या कमाल आणि १,००० रुपयांच्या किमान पेन्शनीवर महागाई भत्त्याशिवाय जगा म्हणणे हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध लढणारे लोक सगळ्या धर्मांचे आहेत. त्या मोर्चात आपण दिसलो पाहिजे. आपल्या वार्षिकांतून, संमेलनांतून आपण तलाकवर, बुरख्यावर, आरक्षणावर पुष्कळ लिहिले, ते लिहायलाच हवे होते. पण आपल्या निवृत्त बापाची पेन्शन, आपल्या विधवा आईचे पासबुक आणि गावातल्या पाच घरांची कब्रस्तानाची हद्द हे विषय आपल्याला साहित्याच्या बाहेरचे वाटत आले. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपण या भाषेतले आहोत असे आपण ठणकावून सांगितले होते. भाषेतले असणे पुरत नाही. जिथे ती बोलली जाते तिथे राहावे लागते, मत द्यावे लागते, भांडावे लागते आणि मरावेही लागते.

जनाजा कुठून निघणार हे माणसाच्या हातात नाही. पण तो ज्या गावातून निघेल तिथे खांदा द्यायला कोण येईल, हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात आहे. पेन्शनीचे गणित ज्याला जमते त्याने हेही गणित मांडावे, आणि हातपाय धड आहेत तोवर मांडावे.